कडेचा माणूस

प्रिय चिऊ,

काल आजीच्या ट्रंकेतला फोटो स्कॅन करता करता तू विचारलंस, "बाबा, हा कडेचा माणूस एवढा लांब का उभा आहे? तो आपला नाही का?" मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि उठून गेलो. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

हा फोटो वाईजवळच्या आपल्या घरात माजघराच्या भिंतीवर असायचा. दिवाळीआधी आजी तो उतरवून पदरानं पुसायची आणि आम्हा भावंडांना एकेक माणूस दाखवायची. हे मुंडासेवाले पणजोबा, ही थोरली आक्का, तिच्या कडेवर तात्या. मागे शाईनं लिहिलंय, चैत्री पुनव, शके १८४८. म्हणजे १९२६ चा एप्रिल. जत्रेला आलेल्या फोटोवाल्याला पणजोबा मळ्यात घेऊन गेले, कारण त्यांना बैलांसकट फोटो हवा होता. हलायचं नाही, असा दम मिळाल्यामुळे सगळे ताठ उभे आहेत. एकट्या माणक्यानं शेपूट हलवली, ती धुरासारखी उमटलीय बघ.

लिंबची बारा मोटेची विहीर तुला दाखवली होती ना? आपली एकाच मोटेची. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून, उतरायला लागले की नाडा, मोटेचा जाड दोर, ताणायचा आणि भरलेली मोट वर यायची. वर आली की सोंदुरानं, म्हणजे सोंडेला बांधलेल्या बारीक दोरानं, सोंड थारोळ्यात, काठच्या दगडी कुंडात, ओढली जायची आणि पाणी भसकन पाटाला लागायचं. मग बैल उलट्या पावली धाव चढायचे. उतरताना पणजोबा नाड्यावर बसायचे, तेवढाच बैलांना भार. माझ्या लहानपणी विजेची मोटर आली होती, पण थारोळं तसंच होतं. मे महिन्यात आम्ही दुपारभर त्यात बसून राहायचो. तळाचा दगड पाण्यानं इतका गुळगुळीत झाला होता की पाय ठरत नसे. हे तुला ठाऊक असावं असं फार वाटतं मला.

तर तो माणूस. आजीचं बोट बैलांवर यायचं, "हा माणक्या, हा ढवळ्या," आणि तिथंच थांबायचं. मीही पुढे कधी विचारलं नाही. तू पाच मिनिटांत विचारलंस.

रात्री आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "तो आपली मोट शिवायचा. सुगीला खळ्यावरनं त्याचं बलुतं जायचं." नाव विचारलं तर म्हणाली, "त्याचं नाव कोण घेत होतं रे?" मग जरा वेळानं, "त्याला पाणी वरून ओतायचे. आई सांगायची."

त्याच्या हातच्या मोटेनं विहिरीतलं पाणी वर यायचं, आणि त्याला ते ओंजळीत मिळायचं. फोटोनंतर अकरा महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, आपल्याकडून घाट उतरलं की लागतं त्या महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं उचलून प्यायलं. आपल्या मळ्यात ती बातमी पोचली का, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

पणजोबा मायाळू होते. फोटोत त्याला त्यांनीच बोलावलं, असं आत्या म्हणते, आणि ते मला खरं वाटतं. पण लांब उभं राहा, असंही कुणीतरी सांगितलंच असेल. किंवा सांगावंही लागलं नसेल. ते मला जास्त लागतं.

डिसेंबरात मी गावी जातोय. फोटोची एक प्रत घेऊन वस्तीवर जाईन, त्यांच्या घरचं कुणी भेटलं तर नाव विचारीन. माझ्याकडून ते ती घेतील का, कोण जाणे. तू यायलाच हवंस असं नाही, सुट्टी तुझी आहे.

एवढं मात्र कर. काल स्कॅन करताना कॉम्प्युटरनं फोटोच्या कडा आपोआप कापल्या आणि तो माणूस अर्धाच राहिला. परत करशील तेव्हा ती डावी कड पूर्ण येऊ दे.

तुझा,
बाबा