मुंबईत मुलांचं व्हायोलिन शिबिर घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही दादरला घरी व्हायोलिन शिकवता, मे महिन्यात 8 ते 14 वयाच्या मुलांचं आठवड्याभराचं शिबिर घ्यायचंय, निम्मी मुलं हिंदुस्थानी शिकणारी आणि निम्मी पाश्चात्त्य ग्रेडच्या परीक्षा देणारी, असं लिहिलंयत. सुरुवात कुठून करायची? माझं ऐकाल तर वाद्यं कोण लावणार ते आधी ठरवा. हॉल, फी, टीशर्टचा रंग हे सगळं मागाहून.

पार्ल्यात पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलं 22 आणि वाद्यं लावणारी मी एकटी. साडेनऊचा वर्ग सव्वादहाला सुरू झाला, कारण शेवटच्याचं लावून होईस्तोवर पहिल्याचं उतरलेलं. दोन दिवस मी माझ्याच कानांवर संशय घेतला. खरा घोळ हॉलच्या एसीचा होता. मे महिन्यातल्या दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात. तेच व्हायोलिन लोकलमधून थेट थंड, कोरड्या हॉलमध्ये आलं की लाकूड आकसतं आणि खुंटी सुर्रकन फिरते. आता आम्ही मुलं आल्याबरोबर पेट्या उघडून ठेवतो आणि 20 मिनिटं वाद्याला हात लावू देत नाही. तेवढ्यात गाऊन घ्यायचं, टाळीवर लय धरायची. मग लावायला बसायचं. पंख्यावर भागत असेल तर एसी नकोच. पंख्यानं स्वरलिपीचे कागद उडतात, त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे आणा. डझनभर.

दर सहा मुलांमागे एक मदतनीस हवाच. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकालापर्यंत ती पोरं मोकळी असतात. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघंतिघं हेरून ठेवा. त्यांना एक दिवस आधी बोलवून शिकवा: खुंटी आत दाबतच फिरवायची, थोडासाच फरक असेल तर तारेच्या खालच्या टोकाच्या छोट्या स्क्रूनं, म्हणजे फाइन ट्यूनरनं भागवायचं, आणि प्रत्येक वेळी घोडी (तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी) पुढे झुकली का ते बघायचं. पालकांनाही एक निरोप धाडा की चारही तारा एकदम काढू नका. एका उत्साही बाबांनी रात्री तारा बदलायला घेतल्या आणि सकाळी व्हायोलिनच्या पोटात साउंडपोस्ट, म्हणजे तारांच्या दाबावर आत उभी असलेली काडी, पडून खुळखुळत होती. ती पुन्हा उभी करणं कारागिराचं काम, त्या मुलीचे तीन दिवस उसन्या वाद्यावर गेले.

आता तुमचा खरा पेच, दोन्हीकडची मुलं एकत्र कशी बसवायची. एक खाली बसून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून वाजवणार, दुसरं खुर्चीत स्टँडसमोर. बसू देत तसंच. जमवायचा आहे तो फक्त षड्ज, म्हणजे सा. पाश्चात्त्य मुलांच्या तारा जी, डी, ए, ई. हिंदुस्थानीत पुष्कळ जण मंद्र पंचम, सा, पंचम, तार सा असं लावतात. सगळ्यांचा सा हार्मोनियमची पांढरी दोन धरला, म्हणजे डी, तर दोघांच्याही मधल्या दोन तारा एकच होतात: सा आणि प. काळी एकला लावणाऱ्यांना अर्धा स्वर चढवावा लागतो, तेवढं तार सोसते.

मग भूप राग घ्या. त्या दोन तारांपैकी सा-च्या तारेवर सा मोकळा, पहिलं बोट रे, दुसरं ग. प-च्या तारेवर प मोकळा, पहिलं बोट ध, तिसरं तार सा. मंद्र तारेची आणि चौथ्या बोटाची गरजच पडत नाही. अगदी नवखी मुलं मोकळ्या तारांवर लांब गज ओढत सा-प धरतात आणि तेही छान वाटतं, कारण तंबोऱ्याचं काम कुणीतरी करायलाच हवं. मोठ्यांना चार ओळींची सरगम द्या. एका मुलानं वर सरगम, खाली स्टाफ नोटेशन असा कागद केला होता, तो मी अजून वापरते. हे मिश्रण या शहराला नवं थोडंच आहे! लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे, आणि पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगला रागावर बांधलेली गाणी गोव्याचे वादक समोरचं नोटेशन वाचूनच वाजवत.

एका आठवड्यात नवं तंत्र शिकवायच्या फंदात मात्र पडू नका. व्हायब्रेटो (बोट हलवून स्वर थरथरवणं), पोझिशन बदलणं (हात तारेवर वर-खाली सरकवणं), हे तुमच्या-माझ्या घरी वर्षभर चालूच असतं. एरवी एकटं वाजवणाऱ्या मुलाला शेजारच्याचा गज कुठे वळतो ते बघून आपला वळवायला शिबिरातच मिळतं.

किरकोळ गोष्टी. प्रवेशाच्या वेळीच हात मोजा: मान ते तळव्याच्या मध्यापर्यंत. "वाढत्या अंगाचं" म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाचं व्हायोलिन घेऊन देणारे पालक भेटतील, त्या मुलाचा खांदा आठवडाभर वर चढलेला राहील. पाव, अर्धं, पाऊण अशी मापं त्यासाठीच असतात. (अर्धं व्हायोलिन लांबीनं अर्धं नसतं, हे दर वर्षी कुणाला तरी समजावून सांगावं लागतं.) मधल्या सुट्टीत आंबा अजिबात नको, चिक्कीही नको. चिकट बोटं तारेवर गेली की संपलं. सुकी भेळ द्या, हात धुवायला लावा. जादा ई तारा आणि गजाला लावायच्या राळेचे दोन-तीन खडे जवळ असू देत. गाडीत वाद्य ठेवून जेवायला जाणाऱ्यांना पहिल्याच दिवशी दटावा, उन्हात सरस सुटतो.

तारखा मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्याच घ्या, नंतर निम्मा वर्ग गावाला पळतो. रविवार टाळा, लोकलच्या मेगाब्लॉकमध्ये कोण कधी पोचेल सांगता येत नाही. चेलोवालं एखादं मूल आलं तर त्याला टॅक्सीनं यायला सांगा किंवा आठवड्यापुरता चेलो हॉलवरच ठेवून घ्या. गर्दीच्या डब्यात तो घेऊन चढायचा प्रयत्न मी एकदाच केला, बोरिवली फास्टला.

शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम 20 मिनिटांचा ठेवा. पालक मोबाइल उंचावून उभे राहतात, त्यांना मागच्या भिंतीला लावा, म्हणजे लहानग्यांना तुमचा हात दिसेल.