प्रभू लवकर येणार, मग अभ्यास कशाला करायचा?

प्रश्न: सलाम पास्टर. मुलगा २३ वर्षांचा, दोन वर्षं एमपीएससी करत होता, आता पुस्तकं माळ्यावर टाकली. दिवसभर मोबाईलवर शेवटच्या काळाचे व्हिडिओ. २०२५ च्या सप्टेंबरात प्रभू येण्याची ती २३-२४ तारीख व्हायरल झालेली ना, तेव्हा दोन रात्री झोपला नाही आणि मलाही झोपू दिलं नाही. तारीख गेली तरी म्हणतो प्रभू येणारच आहे, पोस्ट काढून करू काय? आता तर मलाच भीती वाटायला लागलीय. परवा दुपारी डोळा लागला, उठले तर घरात चिटपाखरू नाही, वाटलं प्रभू आला, सगळे विश्वासी त्याच्याकडे वर घेतले गेले आणि मी एकटीच मागे राहिले. माझा विश्वास कमी पडतोय का? (एक आई, श्रीरामपूर)

उत्तर: ताई, आधी तुमच्या दुपारचंच बोलू. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, शाळेतून घरी आलो तर दार सताड उघडं, स्टोव्हवर भाताचं झाकण खडखडतंय, आईच्या चपला दाराशी आणि आई कुठेच नाही. आदल्याच रविवारी संडे स्कूलच्या बाईंनी शिकवलेलं, एक घेतला जाईल आणि एक ठेवला जाईल. झालं, मी तिथंच भोकाड पसरलं. आई शेजारच्या काकूंकडे विरजण आणायला अनवाणीच गेली होती. आली, मला बघून आधी हसली आणि मग एक धपाटा घातला, कारण भात करपला होता आणि मी स्टोव्ह बंद करायचा सोडून रडत बसलो होतो.

म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात. आणि दुपारी झोप लागली म्हणून मागे राहिले असं वाटत असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय उघडा, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला. आपण तो इतक्यांदा ऐकलाय की पाचवं वचन पुढे निघून जातं. वराला उशीर झाला (वरात वेळेवर आलेली कुणी पाहिलीय?) तेव्हा डुलक्या लागून झोपल्या त्या दहाच्या दहा. शहाण्या पाचसुद्धा! त्यांना कुणी रागावलं नाही. फरक पडला तो तेलाचा, आणि ते तेल त्यांनी घरून निघतानाच सोबत घेतलं होतं. मध्यरात्री हाक आल्यावर धावपळ केली ती बाकीच्या पाच जणींनी.

आता चिरंजीव. त्याची टिंगल करू नका, प्रभू येणार हा विश्वास त्याचा बरोबरच आहे, आपण उपासनेत दर रविवारी तेच कबूल करतो. पण तारखांचा इतिहास त्याला जरूर सांगा. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, दानिएलाच्या पुस्तकातल्या दिवसांचा हिशोब मांडून तो सांगत सुटला की प्रभू येतोय, आणि शेवटी त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी शेतातली पिकं काढलीच नाहीत, कशाला काढायची म्हणून. २३ ऑक्टोबर उजाडला आणि लोक ढसाढसा रडले. त्यातूनच पुढे सेव्हंथ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, पुण्यात औंधला स्पायसर ही शिक्षणसंस्था आहे ना, ती त्यांचीच, पण त्यांनीही पुढे तारखा सांगायचं सोडलं. मग २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचे. २१ मे म्हणाले, नाही झालं, मग २१ ऑक्टोबर म्हणाले, तेही नाही, पुढच्या वर्षी त्यांनी चूक कबूल केली. हे तरी केलं. व्हिडिओवाल्यांचं काय, तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं प्रभू स्वतः म्हणाला, मत्तय २४:३६, तर मग यांना कुठून कळली?

आणि काम सोडून बसण्याचं म्हणाल तर हे दुखणं प्रेषित पौलाच्या वेळचंच आहे. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून नुसते गावभर फिरत होते. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा माणूस, त्याने सरळ लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये. हे वचन ताटावर बसताना नका हं ऐकवू पोराला.

मला स्वतःला मत्तय २४ मधल्या त्या जात्यावरच्या दोघी आवडतात. प्रभू येतो तेव्हा त्या दोघी दळतायत. जी घेतली जाते तीही दळतच असते, हातात खुंटा, अंगावर पीठ. आणि चार वचनं पुढे धनी ज्या दासाला धन्य म्हणतो तो घरच्यांना वेळेवर जेवण वाढत असतो, आभाळाकडे बघत बसलेला नसतो.

त्याच्याशी एवढंच बोला की रोज दोन तास पुस्तक, अर्धा तास पवित्र शास्त्र, आणि व्हिडिओ निदान रात्री तरी बंद. तरीही झोप नाही, जेवण नाही असं चालूच राहिलं तर डॉक्टरला दाखवा. त्यात विश्वास कमी असल्याचं काही नाही.

प्रश्न: आजी रेशन दुकानात अंगठा लावायला तयार नाही, म्हणते ही श्वापदाची खूण, उजव्या हातावर. काय सांगू? (कॉलेज विद्यार्थी, जालना)

उत्तर: बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरण १३ मधली खूण श्वापदाला, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या सत्तेला, नमन करण्याशी जोडलेली आहे, तांदूळ घेण्याशी नाही. पुढच्याच अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर देवाचं नाव आहे, म्हणजे प्रश्न आपण कुणाचे हा आहे. त्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याबद्दल म्हणशील तर बरेच अभ्यासक म्हणतात की 'नीरो कैसर' हे रोमी सम्राटाचं नाव इब्री अक्षरांत लिहून बेरीज केली की हाच आकडा येतो, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तर ६१६ आहे. आधी बारकोडला खूण म्हणाले, मग लसीला, आता अंगठ्याला.

आजीला हे सगळं पटेलच असं नाही. नाहीच पटलं तर डाव्या हाताचं बोट लावायला सांग, आधारला दहाही बोटांचे ठसे असतात, मशीनला कुठलंही चालतं.