जिनिव्हाला लिहिण्याआधी शेजारणीला विचारा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मला झोप लागली नाही. वाड्यावरची सहा घरं दर रविवारी तुमच्या पडवीत प्रार्थनेला जमतात, दोन महिन्यांपासून गावातली माणसं येऊन ती बंद पाडतात, पोलीस म्हणतात ‘परवानगी आणा’, पाव विकणारा पोदेरसुद्धा तुमच्या दारात थांबत नाही. आणि आता तुम्ही विचारताय, थेट जिनिव्हाला, युनोला लिहू का? हाच प्रश्न घेऊन बारा वर्षांपूर्वी मी पणजीच्या चकरा मारत होते.

आमचं प्रकरण तुमच्या उलट. बाबांनी देव मानणं सोडलं. शिगम्याला मांडावर, म्हणजे गावच्या उत्सवाच्या जागी, जाईनात, जत्रेची वर्गणी देईनात. कुणाशी भांडले नाहीत, कुणाच्या देवाला नाव ठेवलं नाही. तरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावानं आम्हांला वाळीत टाकलं. तुमची श्रद्धा, बाबांची अश्रद्धा, पण दोघांचं कलम एकच. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं अठरावं. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही ते लागू आहे, असं युनोच्या मानवाधिकार समितीने १९९३ साली स्पष्ट केलंय. एकट्याने किंवा इतरांसोबत, खासगीत किंवा जाहीरपणे, हे शब्द त्या कलमातच आहेत. तुमची पडवी त्यात बसते.

आधीच सांगते, मी वकील नाही. जे सोसलं आणि नंतर वाचून शिकले, तेवढंच लिहितेय. लेखी तक्रार, शिक्का मारलेली पोच, धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं पंचविसावं कलम, हे तुम्हांला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही.

२०१३ च्या आषाढात आजी गेली. स्मशानभूमीच्या फाटकाला साखळी. पंचायतीत गेलो तर म्हणाले जागा देवस्थानची, देवस्थानवाले म्हणाले गावकार, म्हणजे गावातली मूळ मानकरी घराणी, ठरवतील. पोलीस आले, जीपमधून उतरलेच नाहीत. दुपारी बारापासून संध्याकाळी सातपर्यंत आजी प्लास्टिकखाली, आणि वर तो सत्तरीतला पाऊस. शेवटी आमच्याच काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, दहन करायचं ठरलं, पण सरपण सगळं भिजलेलं. अंधार पडल्यावर शेजारची काकी मागच्या बाजूने आली. डोक्यावर ताडपत्रीत गुंडाळलेली सुकी लाकडं, तिच्या चुलीसाठी माळ्यावर साठवलेली. तीन खेपा केल्या तिने. एक शब्द बोलली नाही.

मग मी न्याय मागायला निघाले. पणजीत एक कार्यालय होतं, नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी ‘आंतरराष्ट्रीय याचिका’ करूया म्हणून पैसे घेतले आणि एकेचाळीस पानं टाइप केली, जिनिव्हाच्या मानवाधिकार समितीकडे व्यक्तिगत तक्रार म्हणून. वर सांगितलं, इथे कुठेच अर्ज करू नका, केस कमजोर होते. आठ-नऊ महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. भारत त्या करारात १० एप्रिल १९७९ ला सामील झाला, पण एकेकट्या माणसाला समितीकडे तक्रार करू देणारा जो वेगळा ऐच्छिक जोडकरार (ऑप्शनल प्रोटोकॉल) आहे, तो भारताने स्वीकारलेला नाही. म्हणजे ते दार आपल्यासाठी उघडतच नाही. हे शोधायला पाच मिनिटं पुरतात. त्या साहेबांनी ती पाच मिनिटं दिली नाहीत, यावर मला आजही राग येतो.

तोवर इकडची मुदत सरली. मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटलं की मानवाधिकार आयोग चौकशी करू शकत नाही. मी पोचले तेव्हा तेरावा महिना लागला होता. तुमचे दोनच महिने झालेत. आधी आयोगाकडे जा, राज्याच्या किंवा राष्ट्रीय. पण एकाच वेळी दोन्हीकडे नको, राज्य आयोगापुढे असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग हातात घेत नाही. फी लागत नाही. राष्ट्रीय आयोगाला तर मराठीत लिहिलेलं चालतं. आणि लिहिताना शेजाऱ्यांवर रकाने भरू नका. आयोग बघतो सरकारी माणसाने काय केलं, किंवा काय रोखायला हवं होतं आणि रोखलं नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता पोलीस आला, काय म्हणाला, काय केलं नाही. ‘परवानगी आणा’ हे वाक्य तुमच्या अर्जात सगळ्यात वजनदार आहे. कोणत्या कायद्याखाली परवानगी, ते लेखी मागा.

युनोचं दार पूर्ण बंद आहे असं नाही. धर्म किंवा श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठी तिथे एक विशेष प्रतिवेदक, म्हणजे युनोने नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ, असतो. हे पद १९८६ पासून आहे, आणि त्यावरचे पहिले गृहस्थ पोर्तुगीज होते, आंजेलो विदाल द’आल्मेइदा रिबेइरो. ज्या पोर्तुगिजांच्या राजवटीत गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडून, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय चाललं आणि आपले देव रातोरात नदीपार न्यावे लागले, त्यांच्याच देशातला माणूस श्रद्धेची राखण करायला बसला, हे वाचून मला बरं वाटलं होतं. या प्रतिवेदकाकडे लिहायला तो जोडकरार लागत नाही, आधी इथली कोर्टं संपवावी लागत नाहीत. त्यांना पटलं तर ते सरकारला पत्र लिहून खुलासा मागतात. उत्तराला साधारण साठ दिवस, मग ते पत्र जाहीर होतं. ते कोर्ट नाही, हुकूम काढत नाहीत. पण तालुक्याच्या कचेरीत दडपलेली गोष्ट दिल्लीच्या टेबलावर जाते. अर्ज ऑनलाइन आहे. शिवराळ भाषा नको, राजकीय आरोप नकोत, नुसती वर्तमानपत्राची कात्रणं चालत नाहीत.

त्या अर्जात एक प्रश्न असतो, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची संमती आहे का? त्यांचं नाव सरकारला कळवायचं का, पुढे जाहीर अहवालात छापायचं का? माहिती देणाऱ्याचं नाव ते गुप्त ठेवतात, पण पीडिताचं नाव बहुधा सरकारकडे जातं, कारण त्याशिवाय सरकार चौकशी कशाची करणार?

माझ्या एकेचाळीस पानांत काकीचं नाव होतं. आडनावासकट, घराच्या खुणेसकट. मी तिला विचारलंच नाही. मला वाटलं, तिचा चांगुलपणा जगापुढे यायला हवा. त्या कार्यालयाने ‘माहितीसाठी’ म्हणून दहा-बारा ठिकाणी प्रती पाठवल्या, त्यातली एक तालुक्याला गेली आणि तिथून गावात. त्या वर्षी चवथीला काकीच्या माटोळीखाली, गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या छताखाली, कुणी आलं नाही. बचत गटातून तिचं नाव काढलं. मुलाचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या विहिरीकडे उघडायची, तिथून ती आजीला हाक मारून मासे देत असे. ती खिडकी तिने आतून फळी ठोकून बंद केली. आम्हांला कधी एक शब्द लावला नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा म्हणाली, ‘बाय, विचारायचंस तरी.’

म्हणून, त्या सहा घरांना एकेक करून विचारा. सगळ्यांसमोर नको, समोर बसून नाही म्हणणं जड जातं. बायकांना वेगळं विचारा. ज्यांचं पोट गावावर आहे, कुळाची जमीन आहे, मुलीचं लग्न व्हायचंय, त्यांनी हो म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तुम्हांला गुपचूप दूध-भाजी देणारं कुणी असेल तर त्याचं नाव कागदावर आणूच नका. फेसबुकवर टाकलेला तो व्हिडिओही आज काढा, त्यात दोन म्हाताऱ्या स्पष्ट दिसतायत.

गावात आता म्हणतील, देशाची बदनामी करतायत. मलाही म्हणाले. त्या करारावर आपल्याच देशाने स्वखुशीने मोहोर उमटवली आहे, आणि युनोच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहाने आले. आपण परक्याच्या दारात जात नाही.

आणखी थोडं, सुचेल तसं. भोंगा किंवा स्पीकर लावत असाल तर बंद करा, आवाजाचं निमित्त त्यांना देऊ नका. पडवी वाढवून सभागृह करायचा विचार असेल तर पंचायतीचा परवाना वेगळा लागतो, सध्या वीटसुद्धा हलवू नका. जिल्हाधिकाऱ्यांचा जमावबंदीचा हुकूम दाखवला तर प्रत घ्या. पूर्वीचं कलम १४४ म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. जमलेल्या प्रार्थनेत मुद्दाम व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३००. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा जो कायदा लोक सांगतात तो महाराष्ट्राचा, गोव्यात त्याचा उपयोग नाही. वकील परवडत नसेल तर अर्ज घरातल्या बाईच्या नावाने करा, विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकी कोर्टात जायचं की नाही हे त्या वकिलाला विचारूनच ठरवा.

आयोगाला आणि प्रतिवेदकांना लिहायचा दोन पानी नमुना माझ्याकडे आहे, निरोप टाका, पाठवते. ती एकेचाळीस पानं मात्र मागू नका. त्यात अजून काकीचं नाव आहे.