दप्तरातली बायको कोण, घरातली कोण?

माजी सैनिकांची प्रश्नोत्तरे

मी लष्करात क्लार्क होतो. शीट रोल (जवानाची नोंदपत्रिका) लावण्यात आणि पार्ट टू ऑर्डर (लग्नासारख्या घरच्या बाबी दप्तरात चढवणारा आदेश) टाइप करण्यात नोकरी गेली, त्यामुळे दप्तरात चूक कशी शिरते हे मला ठाऊक आहे. पुष्कळदा ती आमच्याच टेबलावर होते. पण तीस-चाळीस वर्षं ती तशीच राहते, ती घरच्या कपाटात. या खेपेची बहुतेक पत्रं त्याच कपाटातून निघालेली आहेत.

प्रश्न : डिस्चार्ज बुकात (लष्कर सोडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात) माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं आणि पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत तिसरंच. पेन्शन मात्र वेळेवर येते. काही करायला हवं का? (पेडणे)

हवं. बँकेतून पेन्शन मिळायची तेव्हा मॅनेजर तुम्हाला तोंडाने ओळखायचा. आता कारभार ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर आहे आणि स्पर्श अक्षरं ओळखतो. १९६१ पूर्वी जन्मलेल्या गोवेकरांचं हे जुनंच दुखणं. पोर्तुगीज वहीत नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई, गावकरात ‘के’ऐवजी ‘सी’, शेटाची सुरुवात ‘एक्स’ने. भरतीच्या दिवशी समोरच्या बाबूने कानाला लागलं ते लिहिलं. तिन्ही ठिकाणी माणूस तुम्हीच, पण संगणकाच्या लेखी तिघेजण.

आधी ठरवा, वेगळा पडलेला कागद कुठला. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि पॅन जुळत असतील आणि आधारच एकटं फटकून असेल, तर आधार बदला. लोक नेमकं उलटं करतात, आधार प्रमाण मानून लष्कराचं दप्तर हलवायला निघतात. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा तिथेही प्रयोग नकोत. जन्मनोंदीला हात लावण्याआधी नागरी नोंदणी कार्यालयात आणि एखाद्या वकिलाला विचारा. तिथलं अक्षर हललं की उद्या घराच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीत, भावंडं त्यावर बोट ठेवतात.

प्रश्न : मी नौदलातून निवृत्त झालो. गोव्यातल्या सगळ्या फौजींचं दप्तर बेळगावला असतं असं मित्र म्हणाला. गेलो, तर परत पाठवलं. (वास्को)

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं दप्तर, म्हणजे रेकॉर्ड ऑफिस, आहे. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, हवाई दलाचं दिल्लीला. चोर्ला घाट चढण्याआधी मित्राला नव्हे, डिस्चार्ज बुकाला विचारायचं.

प्रश्न : लग्नात मी बायकोचं नाव बदललं. पलटणीत पार्ट टू ऑर्डर नव्या नावाने निघाली, पीपीओवरही तेच आहे. तिच्या जन्मदाखल्यावर, लग्ननोंदणीत आणि आधारवर मात्र माहेरचं नाव. ‘दोन्ही नावं एकाच बाईची’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं आहे. तेवढं पुरेल ना? माझं वय ७१. (सत्तरी)

नाही पुरणार. आणि ‘करून ठेवलं आहे’ यातल्या ‘ठेवलं’ची मला भीती वाटते.

आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. सासरच्या माणसांच्या तोंडी ते बसतं. सुट्टी संपवून जवान पलटणीत परततो आणि क्लार्कला तेच नाव सांगतो. मीसुद्धा अशी कितीतरी नावं लिहून घेतली, लग्नाचा दाखला पुन्हा न वाचता. पण गोव्यात कायद्याने लग्न लागतं ते नागरी निबंधकाच्या वहीत, आणि तिथे सही असते माहेरच्या नावाची. ताटातले तांदूळ त्या वहीत उतरत नाहीत. परिणामी तुमच्या पीपीओवर अशी एक बाई आहे जिचा जन्म सरकारदरबारी कुठेच नोंदलेला नाही.

तुम्ही आहात तोवर हे काम सोपं आहे. दप्तर तुमचं, सही तुमची, ‘ही माझी बायको’ हे सांगणारे तुम्ही. तुमच्या माघारी तेच तिला सिद्ध करावं लागेल. माझ्या ओळखीतल्या एका हवालदाराच्या बायकोने दीड वर्ष ‘मी मीच आहे’ याचे पुरावे गोळा केले. पंचायतीचा दाखला, मामलेदाराचा दाखला, गावातले दोन साक्षीदार. तिच्या मंगळसूत्राकडे बघून एका खिडकीवरच्या बाबूने विचारलं, “पहिली बायको कुठे असते?” पैसे शेवटी थकबाकीसकट मिळाले, नाही असं नाही. पण त्या दीड वर्षात दुकानदाराची उधारी कशी वाढत गेली ते मी पाहिलं आहे. नवरा सांगायचा, “बघू, पुढच्या महिन्यात बेळगावला जाऊ.” असा पुढचा महिना त्याने अकरा वर्षं काढला.

आता प्रतिज्ञापत्राचं. ते दुरुस्तीला टेकू देतं, दुरुस्ती करत नाही. शिवाय कार्यालयं सहसा दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं मागतात, नोटरीचं परत येऊ शकतं. दुरुस्ती म्हणजे रेकॉर्ड ऑफिसने नोंद बदलायची, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाला कळवायचं आणि तिथून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ निघायचा. तो स्पर्शवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचेपर्यंत काम झालं असं समजू नका. अर्जाची पोच मिळाली म्हणून पेढे वाटणारेही मी पाहिले आहेत.

‘आधी राजपत्रात नाव छापा’ हा आणखी एक पारावरचा सल्ला. तुमच्या बायकोचं कायद्याचं नाव मुळी बदललेलंच नाही! जन्मनोंद, लग्ननोंद आणि आधार एकमेकांशी जुळतात, चुकलं आहे ते लष्कराचं दप्तर. नाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. विनाकारण त्या वाटेला गेलात तर जुळलेले तीन कागदही बिघडतील. लग्ननोंदणीचा उतारा, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, तिचं आधार व पॅन एवढं जमवा आणि रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा की आणखी काय लागेल. प्रत्येक रेकॉर्डची यादी थोडी निराळी असते. राजपत्र हवं असं त्यांनी लेखी कळवलं, तरच वकिलाकडे जा. पत्र पाठवण्याआधी पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात कागद दाखवून घ्या. बँकेतलं जोडखातं आणि ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड कुठल्या नावाने आहे, तेही त्याच दिवशी बघा.

प्रश्न : शाळेत घालताना मास्तरांनी माझं वय दोन वर्षांनी वाढवलं. लष्करात तीच जन्मतारीख लागली. आता ती बदलता येईल का? (फोंडा)

नाही. नोकरी संपत आल्यावर जागे झालेल्यांना न्यायालयं दाद देत नाहीत, तुमची तर संपून वीस वर्षं झाली. शिवाय ८० नंतर पेन्शन वाढते, ती तुम्हाला मास्तरांच्या कृपेने दोन वर्षं आधी मिळेल. गप्प राहा.

प्रश्न : एक जण ‘स्पर्शमध्ये नाव दुरुस्त करून देतो’ म्हणून पंधरा हजार मागतो. अर्धे आगाऊ. मोबाइलवर आलेला ओटीपीही हवा म्हणतो. (डिचोली)

ओटीपी दिला असेल तर हे वाचणं थांबवा, पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. दिला नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. हे लोक करतात काय, तर तुमच्याच लॉगिनमधून तुमचाच अर्ज भरतात. मान्य करायचा की नाही हे शेवटी कार्यालयच ठरवतं, याच्या हातात काही नसतं. काही महाभाग स्वतःला ‘रिटायर्ड सुभेदार’ म्हणवतात. कुठली पलटण, कुठलं रेकॉर्ड, एवढं विचारा. घरात संगणक येणारं कोणी नसेल तर जवळच्या सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांच्या) केंद्रात किंवा स्पर्शच्या मदत केंद्रात जा.

प्रश्न : वडील नऊ वर्षं सेवा करून १९८४ साली पेन्शनशिवाय घरी आले. डिस्चार्ज बुक घराला आग लागली तेव्हा जळालं. गावच्या यादीत त्यांचं नावही चुकलं आहे. मूळ दप्तर मिळेल का? (काणकोण)

संपूर्ण मिळणं कठीण. पेन्शन नसलेल्यांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल, म्हणजे जवानांची कायमची नोंदवही, मात्र जपून ठेवलेली असते, त्यात नंबर, नाव, भरतीची आणि सेवेतून सुटल्याची तारीख सापडते. आर्मी नंबर आठवत नसेल तर जुनी पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, फोटोमागचे शिक्के शोधा. वडिलांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह. त्याची मुदत ३० दिवस.

प्रश्न : रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने) माझ्या आजाराचा सेवेशी संबंध नाही असं लिहिलं. ही चूक कशी दुरुस्त करायची? (पर्ये)

ही लेखणीची चूक नाही, बोर्डाचा निर्णय आहे. त्यावर दुरुस्तीचा अर्ज चालत नाही, अपील लागतं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरून चालायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून तुमचंही जमेल असं मी म्हणणार नाही, प्रत्येक फाइल वेगळी असते. अंतिम नकार आल्यापासून सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायला सहा महिने असतात. आपलं खंडपीठ मुंबईला आहे. बोर्डाचे कागद घेऊन सैनिकी प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : आई ८२ वर्षांची, वडिलांची कुटुंब पेन्शन घेते. ८० नंतर वाढ असते असं ऐकलं, पण आलेली नाही. आधारवर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे. (केपे)

ऐकलं ते खरं. मूळ पेन्शनवर ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. पण जुन्या पीपीओत बायकोची जन्मतारीख बरेचदा नसते. मग ती ८० ची झाली हे संगणकाला कळायचं कसं? आणि १ जानेवारी ही तारीख बहुतेक आधारच्या माणसाने टाकलेली असणार, वय विचारून. एकट्या आधारवर विसंबू नका. नागरी नोंदणीच्या जुन्या वहीत आजोबांच्या नावाने तिची जन्मनोंद शोधा. नसेल तर शाळेचा दाखला. तोही नसेल तर दुसरा कुठला पुरावा चालतो हे रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. तारीख मान्य झाली की मागची थकबाकीही मागा, अर्जात तसं स्पष्ट लिहा. आईला घेऊन रांगेत उभं राहायची गरज नाही. अर्जावर तिची सही घरी घ्या आणि कागद घेऊन तुम्ही जा.