घरचा कॉम्प्युटर बाहेरच्या कुठल्याही मशीनवरून सुरक्षितपणे कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटर निपाणीला घरी आहे, तुम्ही बेळगावात शिकायला आहात, आणि कॉलेजची लॅब, मित्राचा लॅपटॉप, झेरॉक्सवाल्याचं मशीन, जे हाताशी येईल त्यावरून घरचा कॉम्प्युटर उघडता यावा, पण दुसरं कुणी आत शिरू नये.

मी अकाउंट्सची कामं करतो. वडगावात घरी डेस्कटॉप, त्यावर टॅली, त्यात पंचवीसेक दुकानांची खाती. मी मात्र आज संकेश्वरला, उद्या खानापूरला, परवा उद्यमबागेत कुणाच्या तरी ऑफिसात. तेव्हा हे रोजचंच आहे. आधी माझी एक फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र, भरायची २० तारीख होती आणि आम्ही घरचे सगळे सौंदत्तीला डोंगरावर. गिऱ्हाइकाचा फोन आला, आकडा चुकलाय. बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिरलो, ब्राउझर उघडला, घरचा कॉम्प्युटर उघडायला गूगलचा पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. तिसऱ्यांदाही तेच. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, आत काय पडतंय ते कळेना. मग मी डोकं चालवलं, जे चालवायला नको होतं. नोटपॅड उघडलं आणि त्यात पासवर्ड टाइप करून बघितला. कीबोर्डावर स्क्रोल लॉकचा दिवा लागलेला, म्हणजे कन्नड टाइप करायचं नुडी हे सॉफ्टवेअर चालू होतं, आणि माझा पासवर्ड भलत्याच अक्षरांत उमटत होता. स्क्रोल लॉक बंद केलं, नोटपॅडमध्येच पासवर्ड नीट लिहिला, कॉपी करून पेस्ट केला, काम झालं. मागं उताऱ्यांच्या प्रिंटा काढायला रांग. दुकानातला पोरगा म्हणाला, "आटपा की सर." पैसे दिले नि निघालो. नोटपॅड तसंच उघडं.

रात्री साडेदहाला अंथरुणावर पडलो असताना मोबाइलवर गूगलची चौकट आली: लॉगिन तुम्हीच करताय का? "नाही" दाबलं आणि तसाच उठून पासवर्ड बदलला. कोण होता ते कळलं नाही, शोधायलाही गेलो नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डानंतर फोनवरही होकार मागणारं, चालू नसतं तर पंचवीस दुकानांची खाती त्याच्यापुढं उघडी पडली असती.

आता बघा, त्या दिवशी सौंदत्ती ते वडगाव हे कनेक्शन पुरतं बंदिस्त होतं. मधली वाट सुरक्षित करायचं काम जगानं कधीच उरकलंय. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पासवर्ड टिपत बसला होता, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, दूरच्या मशीनशी गुप्तपणे जोडून देणारं सॉफ्टवेअर. तारेवरच्या चोरीवर इलाज तेव्हाच निघाला. तुम्ही ज्या कीबोर्डावर बोटं ठेवता तोच परका असेल तर त्यावर एनक्रिप्शनचा, म्हणजे वाटेतला मजकूर कुलूपबंद करण्याचा, काही उपयोग नाही. तुमच्या प्रश्नातला "कुठल्याही मशीनवरून" हा भाग म्हणून मला सगळ्यात अवघड वाटतो.

सोपं आधी उरकू, म्हणजे घरची बाजू. यूट्यूबवर एक जुना उपाय अजून फिरतो: राउटरमध्ये जाऊन ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं नंबरवारी दार, उघडा आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, थेट इंटरनेटवर ठेवा. हे अजिबात करू नका. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. पोर्टचा नंबर बदललात तरी सापडतो. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, ज्यातून पासवर्डाशिवाय आत शिरता येत होतं. ते इतकं वाईट होतं की मायक्रोसॉफ्टनं आधीच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ कनेक्शनांना इंटरनेटवर स्वतःचा असा पत्ताच नसतो. शंभर घरांना मिळून एक पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट उघडला तरी बाहेरून कुणी पोचत नाही. माझे दोन रविवार हे न कळल्यामुळं गेलेत.

त्यापेक्षा टेलस्केल घाला. वायरगार्ड या तंत्रावर चालणारं व्हीपीएन आहे, म्हणजे इंटरनेटमधून आपल्याच मशीनांपुरती बंदिस्त वाट, घरगुती वापराला फुकट. घरच्या मशीनवर आणि मोबाइलवर दोन्हीकडं टाकायचं, एकाच खात्यानं लॉगिन करायचं, की दोन्ही एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. बाहेरच्यांसाठी पोर्ट उघडायची गरजच नाही. ज्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन कराल त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन हवंच, कारण घराची किल्ली आता ते खातंच. मग त्या वाटेवरून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप वापरा. तुमचं विंडोज "होम" असेल तर ते मशीन रिमोट डेस्कटॉपनं आत घेतच नाही, त्याला "प्रो" लागतं. होमवाल्यांनी क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्यावं, पैसे पडत नाहीत.

टेलस्केलच्या दोन खोड्या आधीच सांगून ठेवतो, मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, दर १८० दिवसांनी मशीनची किल्ली संपते आणि परत लॉगिन मागते. घरचं मशीन बरोबर तुम्ही गोव्यात असताना मागणार. त्यांच्या वेबसाइटवर आपल्या मशीनपुढं "की एक्स्पायरी" बंद करता येते, ती फक्त घरच्या मशीनपुरती बंद करा. दुसरी, करंट जाऊन आला की विंडोज सुरू होतं खरं, पण कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल झोपलेलं राहतं. त्याच्या सेटिंगमध्ये "रन अनअटेंडेड" आहे, ते चालू करा.

करंटचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात खानापूर पट्ट्यात लाइट किती वेळ राहते हे तुम्हाला मी काय सांगू. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, करंट परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" अशासारखं नाव असतं. राउटरलाही छोटा यूपीएस लावा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राउटर भिंतीच्या प्लगवर, अशी घरं मी भरपूर बघितलीत.

आता अवघड भाग. परक्या मशीनवर बसायचंच असेल तर.

माझं सरळ मत: बसू नका. तुमच्या खिशात जो मोबाइल आहे तेच तुमचं मशीन. मोबाइलला यूएसबी जोडायची ओटीजीची छोटी पिन घ्या, त्याला साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस लावा, मोबाइलवर रिमोट डेस्कटॉपचं अ‍ॅप उघडा. स्क्रीन लहान पडतो, टॅलीतल्या रकमा डोळे बारीक करून बघाव्या लागतात, पण कीबोर्ड तुमचा, फोन तुमचा, मधली वाट तुमची. मी पिशवीत हे सामान घेऊनच फिरतो. निपाणीच्या एका गिऱ्हाइकाला ते इतकं विचित्र वाटलं की त्यानं शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवलं.

तरीही कधी अडतंच. फोनची बॅटरी मेलेली असते, किंवा प्रिंट तिथंच काढायची असते. मग निदान एवढं पाळा. त्या मशीनवर टेलस्केल कधीही घालू नका, ते घालणं म्हणजे परक्या माणसाला आपल्या घरात खोली देणं. क्रोम रिमोट डेस्कटॉप ब्राउझरमधून चालतं, तेच वापरा, गेस्ट विंडोत, म्हणजे बंद केल्यावर मागं काही न ठेवणाऱ्या पाहुण्यांच्या खिडकीत. गूगल तुम्हाला आठ-आठ आकडी १० बॅकअप कोड छापून देतं, ते कागदावर घेऊन पाकिटात ठेवा. पासवर्डानंतर त्यातला एक टाकायचा. तो कोड एकदा वापरला की मेला, त्यामुळे कीबोर्डावरून कुणी टिपला तरी त्याच्या कामाचा नाही. वापरलेला कोड मी पेनानं खोडतो. पासवर्ड आणि क्रोम रिमोट मागतं तो पिन मात्र टिपला गेला असं समजूनच चाला आणि आपल्या फोनवर आलात की दोन्ही बदला. उठताना लॉगआउट करा, नंतर फोनवरून गूगल खात्यातल्या "तुमची उपकरणं" मध्ये जाऊन ते मशीन बाहेर काढलं गेलंय का बघा.

हे सगळं करूनही त्या मशीनमध्ये वाईट सॉफ्टवेअर असेल तर तुम्ही बसलेले असताना स्क्रीनवर जे दिसतं ते त्याला दिसतंच, आणि लॉगिन झालेलं सेशनही चोरता येतं. म्हणून घरच्या मशीनवर दुसरं साधं यूजर खातं करा, अ‍ॅडमिन नसलेलं, ज्यात फक्त कॉलेजच्या फाइली असतील. परक्या मशीनवरून तेवढंच उघडायचं. क्रोम रिमोट समोर जे खातं उघडं असेल तेच दाखवतं, म्हणून घरून निघताना मुख्य खातं लॉगआउट करून मशीन लॉगिनच्या पडद्यावर सोडा. बँक, डिजिटल सही, आईबाबांची कागदपत्रं यांना बाहेरून हातच लावू नका.

आणि एक, विषयाला धरूनच. हीच रिमोटची अ‍ॅपं वापरून फसवणाऱ्यांचे फोन येतात: केवायसी संपलंय, अमुक अ‍ॅप घाला, त्यावर दिसणारा नंबर सांगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना याबद्दल सावध केलं होतं, तरी माझ्या एका गिऱ्हाइकानं गेल्या वर्षी नंबर सांगितलाच. तुम्ही घरी हे सगळं बसवणार म्हणजे घरच्यांना "रिमोट" हा शब्द ओळखीचा होणार. तेव्हाच सांगा की तुमच्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून असलं काही घालायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

सगळं बसवून झालं की चाचणी घरीच घ्या. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून जोडून बघा. मग मशीन नीट शटडाउन करा, मेन स्विच पाडा, दहा मिनिटांनी चढवा, आणि कशालाही हात न लावता मशीन परत येतंय का बघा. काही मदरबोर्ड बंद केलेलं मशीन बंदच ठेवतात, तेव्हा बायोसमध्ये "पॉवर ऑन" निवडलंय ना ते तपासा. नाही आलं तर ते त्याच दिवशी कळलेलं बरं, तुम्ही बेळगावला पोचल्यावर नव्हे.

घरच्यांना हेही सांगून ठेवा की स्क्रीनवरचा बाण आपोआप हलताना दिसला तर घाबरायचं नाही, आधी तुम्हाला फोन करायचा. मी क्रोम रिमोट पहिल्यांदा वापरलं तेव्हा अर्धं काम झालं नि कनेक्शन तुटलं. पाच मिनिटांनी आईचा फोन: "अरे, तुझं मशीन आपणच चाललेलं, भानामती झाल्यागत. मी बटण बंद केलं बघ."