मैदान मागणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. मैदानावर खडी, दोघींचे गुडघे फुटलेले, आणि तक्रार केली तर 'खेळायला मिळतंय हेच नशीब समजा' असं उत्तर. निवड तोंडावर आली असताना हे लावून धरावं का, असं तू विचारतेस. लावून धर. मी असं का म्हणते ते कळायला तुला दक्षिण आफ्रिकेच्या महिला फुटबॉल संघाबद्दल, बान्याना बान्यानाबद्दल, थोडं माहीत हवं.

वर्णभेदी राजवटीमुळे तो देश कित्येक वर्षं जागतिक फुटबॉलच्या बाहेर होता. १९९२ मध्ये फिफाने त्याला परत घेतलं आणि ३० मे १९९३ रोजी महिला संघ पहिला अधिकृत सामना खेळला. स्वाझीलंडविरुद्ध १४-०! त्या दिवशी हॅटट्रिक करणारी डेझिरे एलिस पुढे कर्णधार झाली, नंतर प्रशिक्षकही. मात्र आफ्रिकेच्या अजिंक्यपदासाठी या संघाला फार थांबावं लागलं. १९९५, २०००, २००८, २०१२, २०१८ : पाच वेळा अंतिम फेरीत हार. पोर्शिया मोदिसेने देशासाठी शंभरावर गोल केले, तरी हा चषक तिच्या वाट्याला आला नाही. अखेर २०२२ मध्ये रबातला यजमान मोरोक्कोला २-१ हरवून त्यांनी तो जिंकला. दोन्ही गोल हिल्डा मगायाचे, प्रशिक्षक एलिस.

आता मुद्द्याचं. पुढच्याच वर्षी विश्वचषकाला निघण्याआधी त्यांचा बोट्स्वानाशी सामना ठरला, त्साकानेच्या मैदानावर. खेळाडूंचं म्हणणं, हे मैदान धोक्याचं आहे, इथे कुणी जायबंदी झाली तर तिचा विश्वचषक गेला. मानधनाचा वादही मिटलेला नव्हता. त्या उतरल्या नाहीत. आफ्रिकेच्या विजेत्या होत्या, तरीही! तिथल्या फुटबॉल संघटनेने ऐनवेळी दुसऱ्याच मुली गोळा करून सामना खेळवला आणि तो संघ ०-५ हरला. त्या संघात एक तेरा वर्षांची मुलगी होती. तिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. मोठ्यांच्या भांडणात तिला पुढे करायला नको होतं. शेवटी मोत्सेपे फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने पैसे दिले आणि संघ न्यूझीलंडला गेला.

देशाची अब्रू घालवली असं म्हणणारे तेव्हाही होतेच. त्याच मुली तिथे कशा खेळल्या बघ. स्वीडनकडून १-२ हार, तीही अगदी शेवटच्या क्षणांत. अर्जेंटिनाशी २-२. मग २ ऑगस्टला वेलिंग्टनमध्ये इटली. इटलीला बरोबरी पुरत होती, यांना जिंकायलाच हवं होतं. २-२ असताना भरपाईच्या वेळेत मगायाने पास दिला आणि थेंबी खातलानाने गोल केला. ३-२. दक्षिण आफ्रिकेचा कुठलाही वरिष्ठ फुटबॉल संघ, पुरुषांचा असो की महिलांचा, त्याआधी विश्वचषकाच्या बाद फेरीत गेला नव्हता. त्या फेरीत नेदरलँड्सने हरवलं, पण तो गोल मिळाला तर जरूर बघ. मी अजूनही अधूनमधून लावते.

त्या मुली एकत्र राहिल्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकटी गेलीस तर तुझंच नाव वाईट होईल आणि निवडीत तुलाच बाजूला ठेवतील, ही भीती खोटी नाही. म्हणून अर्जावर सगळ्यांच्या सह्या घे, राखीव खेळाडूंच्याही. कुणी सही केली नाही तर तिच्याशी अबोला धरू नकोस. तिच्या घरची अडचण तुला ठाऊक नसेल. अर्जात रडगाणं नको. खडी कुठे आहे, कोणाला कधी लागलं, तारखांसकट लिही, फोटो जोड. मागणी एकच ठेव : मैदान साफ करून द्या, तोवर दुसरीकडे सरावाची सोय करा. आणि या काळात सराव एक दिवसही चुकवू नका, निदान धावणं तरी सुरू ठेवा.

मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. भाषा मी बघून देईन; सह्या मात्र त्यानंतरच घे.

तुझी,
ताई