बॉस्टन गार्डनची लहान रिंक

प्रश्न : अमेरिकेतील बॉस्टन गार्डन या पाडून टाकलेल्या बंदिस्त क्रीडागारातील आइस हॉकीची रिंक प्रमाणित मापापेक्षा लहान होती, असे वाचनात आले. ती तशी का होती आणि ही वास्तू जतन का झाली नाही?

उत्तर : दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. ही वास्तू मुळात मुष्टियुद्ध डोळ्यांसमोर ठेवून उभारलेली होती. मुष्टियोद्ध्याच्या अंगावरचा घामसुद्धा प्रेक्षकाला दिसला पाहिजे, अशी तिचे निर्माते टेक्स रिकर्ड यांची धारणा असल्याने सज्जे रिंगणाच्या अगदी जवळ आणले गेले. १७ नोव्हेंबर १९२८ रोजी उद्घाटनही मुष्टियुद्धानेच झाले; बॉस्टन ब्रुइन्स या स्थानिक आइस हॉकी संघाचा येथील पहिला सामना तीन दिवसांनी झाला. त्या वेळी रिंकचे माप निश्चित नसल्याने येथील बर्फ १९१ फूट लांब आणि ८३ फूट रुंद राहिला, तर पुढे प्रमाण ठरले ते २०० बाय ८५ फुटांचे.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण वेगाने येणाऱ्या खेळाडूला वळायला जागा आणि विचार करायला वेळ दोन्ही कमी मिळत, त्यामुळे अंगावर धावून जाणारा, धसमुसळा खेळ येथे फळाला येई. माझ्या मते ब्रुइन्सचा स्वभाव या बर्फानेच घडवला. १० मे १९७० रोजी सेंट लुइस ब्लूजविरुद्ध जादा वेळेच्या चाळिसाव्या सेकंदाला ब्रुइन्सचे बॉबी ऑर यांनी गोल केला आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याची काठी पायात अडकून ते हवेत आडवे झाले. त्या गोलाने ब्रुइन्सला १९४१ नंतर प्रथमच स्टॅनले कप हा उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचा विजेतेपदाचा चषक मिळाला.

मात्र वातानुकूलन कधीच नव्हते. मे महिन्यातील उष्ण, दमट हवा बर्फालगतच्या गार हवेत मिसळली की बाष्पाचे धुके बनून रिंकवर तरंगत राही. २४ मे १९८८ रोजी एडमंटन ऑइलर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेत असे धुके होतेच. भरीस भर म्हणून ३-३ अशी बरोबरी असताना वीज गेली आणि सामना सोडून द्यावा लागला.

खांबांमुळे अनेक जागांवरून खेळ अर्धवट दिसे आणि धनिक प्रेक्षकांसाठीच्या महागड्या खासगी कक्षांना वावच नव्हता. नव्या काळातील उत्पन्न तर त्यांवरच उभे होते. म्हणून १९९५ मध्ये अवघ्या नऊ इंचांच्या अंतरावर नवे क्रीडागार उघडले, जुने बंद झाले आणि १९९८ मध्ये ते पाडण्यात आले.